मडगार्डवरची जागा कुणाची?

ट्रॅक्टरवर बसायच्या जागा किती? एक. ती चालवणाऱ्याची. पण सकाळी शेताकडे निघालेला आपल्या गावचा ट्रॅक्टर पाहा. एका मडगार्डवर पुतण्या, दुसऱ्यावर गडी, मागे हिचवर पाय टेकून आणखी एकजण, आणि ट्रॉलीत बायाबापड्या, भाकरीची फडकी, खुरपी, एखादे तान्हे मूल. बैलगाडीत बसायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती तशीच ट्रॅक्टरवर आली. बैल खड्डा पाहून थबकतो. इंजिनाला डोळे नाहीत, एवढे आपण विसरलो.

४ एप्रिल २०२५ ची गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात असेल. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया मजुरीसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात तो ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात जणी गेल्या. १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक बाया आणि मुले. ट्रॉलीला ना आसन, ना धरायला दांडी. ती उलटली की माणसे खाली आणि लोखंड वर.

आता ट्रॅक्टर उलटतो कसा, ते नीट समजून घ्या. यंत्र जड आहे म्हणून ते पक्के बसलेले आहे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. ट्रॅक्टरचे वजन उंचावर असते आणि पुढचा भाग हलका. मागची चाके चिखलात रुतली आणि आपण गिअर टाकून जोर दिला, तर इंजिनाची ताकद कुठेतरी जायलाच हवी. चाके फिरत नाहीत, मग आसाभोवती ट्रॅक्टरच फिरू लागतो. पुढचे तोंड उचलते आणि सेकंद-दीड सेकंदात सारे यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर पालथे होते. क्लच दाबू म्हणाल, तर पाय हलेपर्यंत वेळ संपलेली असते.

हेच ओढकामात घडते. झाडाचा बुंधा किंवा रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारला न लावता वर कुठेतरी, टॉप लिंकला किंवा आसाला बांधली, की ओढ वरून बसते आणि तोंड उचलते. म्हणून साखळी नेहमी ड्रॉबारलाच बांधा. रुतलात तर आधी उलट गिअरमध्ये मागे निघता येते का पाहा, चाकासमोरचा चिखल काढा, नाही तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. चाकापुढे ओंडका बांधून जोर देण्याचा प्रकार तर कोणीच करू नये. चाक अडले की ट्रॅक्टर उलटणारच.

दुसरा उलटण्याचा प्रकार आडवा. बांधाच्या कडेने, चारीच्या काठाने चाललात आणि कड ढासळली. चारी जितकी खोल, निदान तितके अंतर काठापासून सोडावे, हा जुना हिशेब आहे. विहिरीला कठडा नसेल तर त्याहून जास्त. वळणावर वेग दुप्पट केलात तर बाहेर फेकणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. आणि एक बारीकशी गोष्ट, जी हमखास राहून जाते: शेतात वळण घेण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा लागतो, पण रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने जोडायलाच हवेत. न जोडता भरधाव वेगात एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी गरकन फिरतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारेही आहेत. मागे दोन ट्रॉल्यांचा रेटा असताना वाचलेले ते पेलाभर डिझेल काय कामाचे?

यावर उपाय नाही असे नाही. चालकाच्या सीटमागे किंवा भोवती लोखंडी मजबूत सांगाडा बसवायचा आणि सीटला पट्टा. ट्रॅक्टर उलटला तरी सांगाडा जमिनीवर टेकतो आणि माणूस आत सुरक्षित राहतो. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर तो सक्तीचा झाला आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरांवर उन्हासाठी पत्र्याचे किंवा कापडाचे छत दिसते. ते सांगाडा नव्हे. उलटल्यावर ते पापडासारखे चेपते. नवा ट्रॅक्टर घेताना म्युझिक सिस्टिमची चौकशी करतो, तशी या सांगाड्याची करावी. आणि लक्षात ठेवा, सांगाडा असेल तरच पट्टा बांधावा. सांगाडा नसताना बांधलेला पट्टा माणसाला यंत्राखालीच धरून ठेवतो.

घरच्या बायांसाठी दोन शब्द. मागचा पीटीओ शाफ्ट साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा मोकळी वेणी एकदा त्यात गेली की सोडवायला वेळच नसतो. शाफ्टवरची प्लास्टिकची नळी आणि वरचे झाकण आडवे येते म्हणून काढून टाकतात आणि मग ते गोठ्याच्या माळ्यावर पडून राहते. ते आजच शोधून बसवून घ्या. फिरता शाफ्ट कोणी ओलांडू नये, घाई कितीही असो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवायला १८ वर्षे पूर्ण आणि लायसन्स हवे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला. वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणाला बसवू नये, हे तर रस्त्याच्या नियमावलीत १९८९ सालीच लिहिले गेले. अमेरिकेत शेतात फिरायच्या तीनचाकी गाड्यांनी लहान मुले दगावू लागली, तेव्हा १९८८ मध्ये सरकारने कंपन्यांना त्यांची नवी विक्री थांबवायला लावली आणि मोठ्या चारचाकी गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत असे ठरले. म्हणजे हे दुखणे एकट्या आपल्या गावचे नाही.

पण शेतात पोलीस येत नाही, हेही खरेच आहे. तिथे लायसन्स तपासणारे कोण? घरचाच कारभारी. बारा वर्षांचा पोरगा किल्ली फिरवून ट्रॅक्टर चालू करतो याचे आपण कौतुक करतो, पाहुण्यांना दाखवतो. मला हे कौतुक पटत नाही. त्याचा पाय क्लचवर पुरता पोचत नाही आणि उतारावर काय करावे हे त्याला कोणी शिकवलेले नाही. किल्ली खुंटीवर नको, कारभाऱ्याच्या खिशात हवी.

विम्याचे तर फारच कमी लोकांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो आणि माणसे नेण्यासाठी नसतो. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण गेले होते. शेतीसाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर वीटभट्टीच्या मातीसाठी वापरला गेला आणि ट्रॉलीवरचा मजूर खाली पडून जखमी झाला. न्यायालयाने सांगितले, विमा कंपनीची जबाबदारी नाही. गरीब मजुराकडे पाहून कंपनीने आधी पैसे द्यावेत, पण ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत. वसूल करावेत, याचा आपल्या घरी अर्थ काय होतो? ट्रॅक्टरचे कर्ज आधीच डोक्यावर, त्यात हे. म्हणजे सातबाऱ्यावर हात. मजुरांना आणायचे असेल तर प्रवासी परवान्याची जीप किंवा टेम्पो भाड्याने ठरवा. चार पैसे जास्त जातील, ते मजुरीच्या हिशेबातच धरा.

ऊसवाल्यांनो, तुमच्यासाठी शेवटचे. हंगामात अंधारात उभी राहिलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही, कारण मागचा दिवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. टायर फुटून रस्त्यात थांबलात तर कडेचे दगड रचून निघून जाऊ नका. ते दगड पुढे कोणाच्या तरी डोक्यात बसतात. ट्रॉलीच्या मागे दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर, बाजूंना पिवळी पट्टी, आणि उसाच्या मोळ्यांवरून खाली सोडलेले चमकणारे कापड लावा. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे मागा. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला ते वाटतात. ऊसतोड टोळीच्या मुकादमालाही तेव्हाच सांगून ठेवा, की भरलेल्या उसावर पोरेबाळे बसवायची नाहीत.

मळणी यंत्रात हात गमावलेल्यांसाठी १९८३ सालीच धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झालेला आहे. त्याविषयी पुढच्या खेपेला.