मुलाखत आणि मातृभाषा

जालन्याच्या मुलाला बारावीनंतर संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी सहसा कोणी काही विचारीत नाही; सीईटी वा जेईईचे गुणच बोलतात. मुलाखतीशी गाठ पडते ती पुढे, आयआयटीत वा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधनासाठी अर्ज केल्यावर. (‘टिफ्रॅक’ हा संगणक येथलाच, नामकरण १९६२ सालचे.) तेथे उत्तरापेक्षा उत्तराकडे जाणारी वाट पाहतात. हजार नावांच्या क्रमवार यादीत एक नाव दहा तुलनांत सापडते, हे पाठ असते. यादी क्रमवार नसेल तर? इथे घोकंपट्टी संपते.

आमच्या मते ही तयारी फळ्यापुढे, मोठ्याने आणि आधी मराठीत व्हावी. मोंढ्यात मोसंबीचा भाव का पडला, हे जो बापाला उलगडून सांगतो, त्याला युक्तिवाद शिकवावा लागत नाही; इंग्रजीच्या धाकाने तो गप्प होतो, इतकेच. क्लासवाले मात्र ‘स्वतःविषयी सांगा’चे गुळगुळीत इंग्रजी घोटून घेतात. ‘ठाऊक नाही, पण असे करून पाहतो’ हे वाक्य कोणी म्हणवून घेत नाही. त्यासाठी पावलोपावली ‘का?’ विचारणारा श्रोता हवा. मित्र चालेल, संगणक न शिकलेला असल्यास अधिक बरे.