कानामागचं टेस्टिंग

हेअर डायच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. खोकं उघडलं की तो आपण बाजूला टाकतो, प्लास्टिकचे हातमोजे शोधतो आणि कामाला लागतो. मंडळी, तो कागद कंपनीने हौसेने टाकलेला नाहीये. ज्या डायमध्ये पॅराफेनिलीनडायअमाइन (जीभ वळत नाही, पुढे पीपीडी म्हणू) असतं, त्याच्या पाकिटावर इशारा छापायचा आणि आत चाचणीची कृती इंग्रजीत व स्थानिक भाषेत द्यायची, हे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. कृती अगदी सोपी. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा धुवायची, तयार केलेला डाय तिथे लावून वाळू द्यायचा, २४ तासांनी धुवायचा. खाज नाही, सूज नाही, तर पुढे जायचं.

पण मला त्या कागदातलं सगळ्यात जास्त आवडलेलं वाक्य निराळंच आहे. त्यात म्हटलंय की ही चाचणी दर वेळी, प्रत्येक वापराआधी करायची. म्हणजे चक्क रिग्रेशन टेस्टिंग! आमच्या क्षेत्रात "मागच्या वेळी तर चाललं होतं" हे वाक्य कोणी म्हटलं की टेस्टर लोक एकमेकांकडे बघून हसतात. केस रंगवताना मात्र तेच वाक्य सगळे जण (टेस्टरसुद्धा) छातीठोकपणे म्हणतात.

आता दर वेळी का, तर ॲलर्जी ही पहिल्याच दिवशी असते असं नाही. ती तयार होते. शरीर एखाद्या पदार्थाला भेटत राहतं आणि कधीतरी, काही लोकांत, त्याला शत्रू ठरवून मोकळं होतं. एकदा ठरवलं की मग सहसा आयुष्यभर विसरत नाही. आपल्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, कारण गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्यात या गवताची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. ते वर्षानुवर्षं उपटणाऱ्या माणसाला एके वर्षी अचानक चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खाचेत खाज सुटते, कातडी जाड व्हायला लागते. "इतकी वर्षं काही झालं नाही" हा त्याच्या बाबतीत पुरावा नसतो, उलट इतकी वर्षं हाच कारणाचा एक भाग असतो.

माझ्या मामाचं तसंच झालं. नगरच्या एका सलूनमध्ये तो अकरा वर्षं काळी मेंदी लावत होता. बाराव्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी लावली आणि दसऱ्याला सकाळी डोळे उघडेनात. कपाळ, पापण्या, कान, सगळं सुजलेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, काय लावलं होतं? मामा म्हणाला, मेंदीच, म्हणजे नैसर्गिक. डॉक्टर म्हणाले, मेंदीचा रंग केशरी-तांबडा येतो, काळा कुठून आला? तो काळा रंग बहुतेक वेळा पीपीडीचा असतो. (अमोनिया नाही असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाकिटांतही पीपीडी असू शकतं, तो निराळाच मुद्दा.)

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे तरी कोणी सांगितलं? आपल्याकडे बिब्बा उतणे हा शब्दप्रयोगच आहे. तोच बिब्बा एकाला काही करत नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर फोड उठवतो, हे आज्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांना धोब्याने बिब्ब्याने केलेल्या खुणांमुळे मानेवर पुरळ उठायचं. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिकच होता की!

असो. माझा खरा राग कशावर आहे तर कायदा पाकिटाशी बोलतो आणि सलूनमधल्या गिऱ्हाईकाला पाकीट दिसतच नाही. त्याला दिसते एक वाटी, एक ब्रश आणि आरसा. मामाने अकरा वर्षांत तो कागद एकदाही पाहिलेला नव्हता. मग त्याने चाचणी केली नाही असा दोष त्याला कसा द्यायचा? कागद ज्याच्या हातात पडतो तो सलूनवाला, आणि सूज येते ती दुसऱ्याला. कुठल्याही सिस्टिममध्ये वॉर्निंग चुकीच्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये गेली तर जे होतं तेच इथे होतं.

लग्नसराईत हे अजून वाढतं. तुळशीचं लग्न झालं की सावेडीपासून केडगावपर्यंत मंगल कार्यालयं गजबजतात, आणि हळदीच्या आदल्या दिवशी नवरीवर नवीन फेशियल, नवीन ब्लीच, नवीन क्रीम, सगळं एकदम. याला आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनमध्ये कोड टाकणं म्हणतात. फरक एवढाच की आमच्याकडे रोलबॅक असतो. पार्लरवाली म्हणते, हातावर पाच मिनिटं लावून बघते, जळतंय का सांग. त्या पाच मिनिटांत फक्त लगेच होणारी जळजळ कळते. ॲलर्जीची खाज उठायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे कागदावरचे २४ तासही मला कमीच वाटतात, ४८ तरी हवेत. रोज चेहऱ्याला लावायच्या क्रीमसाठी तर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सांगते की हाताच्या आतल्या बाजूला एका छोट्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच :-) या चाचणीतून सगळं कळत नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, एक गोरं करणारी क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्या किडनीला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या नियमांत अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. गंमत बघा, त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी ओळखायची पद्धत योझेफ यादासोन या डॉक्टरने १८९५ मध्ये मांडली ती पाऱ्याच्याच बाबतीत. पण पाऱ्याची ॲलर्जी वेगळी आणि पाऱ्याचं विष वेगळं. हातावर काहीही न होता तो आत जाऊन किडनी बिघडवू शकतो. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती हातावर लावून बघायचीसुद्धा नाही.

बाकीच्यांसाठी माझं म्हणणं एवढंच की पार्लरचं बुकिंगच दोन भागांत व्हावं. मेकअपची ट्रायल आधी करतातच, तिचे पैसेही घेतात. मग डाय आणि ब्लीचचीही दोन-तीन दिवस आधी घ्या, वाटल्यास पन्नास रुपये जास्त लावा. यावर एक आक्षेप येतो की पुण्याहून लग्नाला येणारी माणसं दोनदा कशी येणार? तर त्यांनी आपलं पाकीट आपणच आणावं आणि चाचणी पुण्यातच उरकावी, सलूनवाल्याने नुसतं लावून द्यावं.

चुलतबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. तिच्या पार्लरवाल्या ताईंना मी मागच्या रविवारी फोन करून विचारलं, फेशियलची क्रीम आणि ब्लीच आधी हातावर लावून बघायला तिला बोलवाल का? दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, "दादा, आजवर असं कोणी विचारलं नाही बघा. पण बुधवारी पाठवा तिला, दुपारी मी रिकामीच असते."