पत्त्यातला राक्षस आणि पुडीतला जुगार

सोलापूरच्या वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर स्थिरावला, की भर दुपारी मुलांना घराबाहेर पडण्याची मुभा राहत नाही. आणि या सक्तीच्या स्थानबद्धतेत मुलांचा व त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा निभाव ज्या एका करमणुकीने पिढ्यान्‌पिढ्या लावला, ती म्हणजे पत्ते. परंतु झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट यांवर ज्यांचे बालपण पोसले, त्या आजच्या पालकांना आपल्या मुलांच्या हातातील पत्ते ओळखू येत नाहीत. त्यांवर ना किलवर, ना चौकट. त्याऐवजी पंख फुटलेले सर्प, ज्वाला ओकणारे सरडे आणि चिलखत घातलेली भुते असून, प्रत्येकाच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत चार-सहा ओळींचा मजकूर असतो. हे पत्ते शाळेत सापडले तर जप्त होतात आणि घरी सापडले तर अभ्यासाच्या नावाने उद्धार होतो. या जप्तीच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे केली जातात त्यांतील निम्मी मला मान्य आहेत. मात्र आरोपी म्हणून ज्याला उभे केले जाते तो राक्षस निर्दोष असून खरा अपराधी दुसराच आहे, असे माझे मत आहे.

प्रथम या राक्षसाचा कारभार समजून घेतला पाहिजे. संयोगगणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थाने १९९३ साली ‘मॅजिक’ नावाचा खेळ काढला, १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले आणि १९९९ मध्ये, काझुकी ताकाहाशी यांच्या चित्रकथेवरून, कोनामी कंपनीने ‘युगिओ’चे पत्ते बाजारात आणले. या तिन्ही खेळांचे मर्म एकच आहे: खेळाचा सामान्य कायदा थोडक्यात आटोपलेला असतो, आणि त्या कायद्याला अपवाद करण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या मजकुराने प्रत्येक पत्त्यालाच दिलेला असतो. युगिओमध्ये राक्षसाच्या अंगी तारे असतात. चार ताऱ्यांपर्यंतचा राक्षस हातातून सरळ मैदानात उतरवता येतो, पण तसा एका पाळीत एकच. पाच वा सहा ताऱ्यांचा हवा असेल तर मैदानातील आपल्याच एका राक्षसाचा बळी द्यावा लागतो, आणि सात किंवा त्याहून अधिक ताऱ्यांसाठी दोघांचा. आठ ताऱ्यांचा, ३००० बळाचा तो सुप्रसिद्ध ‘ब्लू आइज व्हाइट ड्रॅगन’ मुलांना कितीही प्रिय असला, तरी दोन सेवक खर्ची घातल्यावाचून तो दर्शन देत नाही.

या सामान्य वहिवाटीच्या वर एक विशेष जात आहे, आणि मला या खेळाची गोडी लागली ती तिच्यामुळे. २००८ पासून ‘सिंक्रो’ नावाचे जे राक्षस खेळात आले, ते मूळच्या चाळीस ते साठ पत्त्यांच्या गठ्ठ्यात नसतातच. त्यांचा पंधरा पत्त्यांपर्यंतचा निराळा गठ्ठा बाजूला ठेवलेला असतो, आणि एरवी ज्या वाटेने राक्षस मैदानात येतो ती वाट त्यांना बंद असते. त्यांना बोलावण्यासाठी ‘ट्यूनर’ या जातीचा एक राक्षस आणि ट्यूनर नसलेला किमान एक राक्षस मैदानात असावा लागतो, आणि त्यांच्या ताऱ्यांची बेरीज येणाऱ्याच्या ताऱ्यांशी तंतोतंत जुळावी लागते. तीन ताऱ्यांचा ‘जंक सिंक्रॉन’ आणि दोन ताऱ्यांचा ‘स्पीड वॉरियर’ असे दोघे स्मशानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, गेले, म्हणजे पाच ताऱ्यांचा ‘जंक वॉरियर’ अवतरतो. बेरीज चार झाली किंवा सहा झाली तर तो येत नाही, तेथे तडजोड नाही. बरे, येताना तो आपल्या बाजूच्या दोन वा त्याहून कमी ताऱ्यांच्या सर्व राक्षसांचे बळ स्वतःच्या बळात मिळवून घेतो, म्हणून ज्याने पूर्वीच क्षुद्र वाटणारे दोन-तीन पत्ते मैदानात जपून ठेवले, त्याचाच योद्धा भीमकाय होतो. बेरजेच्या उदाहरणांना कंटाळणारा मुलगा या एका योद्ध्यासाठी दहा प्रकारच्या बेरजा मनातल्या मनात करतो, आणि आपण त्याला उनाड म्हणतो.

पोकेमॉनमध्ये हाच न्याय उलट्या बाजूने लावलेला आहे. तेथे साठ पत्त्यांतून सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे ठेवतात. प्रतिस्पर्ध्याचा एक प्राणी गारद केला की आपल्या बक्षिसांतील एक उचलायचे, आणि सहाही ज्याने आधी उचलली तो जिंकला. नावापुढे ‘ईएक्स’ लावलेला जो विशेष प्राणी असतो त्याचे बळ व आयुष्य दोन्ही मोठी असतात, परंतु तो पडला तर प्रतिस्पर्ध्याला एकाऐवजी दोन बक्षिसे मिळतात. अर्थात असे तीन गमावले म्हणजे डाव गमावला. बलाढ्य सरदार पदरी बाळगावा, पण त्याच्या पराभवाची किंमतही दामदुप्पट मोजावी, हा करार दहा वर्षांच्या मुलांना कळतो आणि ते त्यावर तासन्‌तास वाद घालतात. सोलापुरात तर तो वाद मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भाषांतून, कित्येकदा एकाच वाक्यात, चाललेला ऐकू येतो. आणि पत्त्यावरच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ लावण्यात ही मुले जी चिकाटी दाखवतात, तिचा चतुर्थांश जरी पाठ्यपुस्तकाच्या वाट्याला आला, तरी शिक्षकांना धन्य वाटेल.

हे सारे परदेशी खूळ आहे, अशी तक्रार ज्यांची असेल त्यांनी गंजिफांकडे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पत्त्यांकडे, वळावे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या ज्या जुन्या गंजिफांचे वर्णन केले आहे, त्यांत अश्वपती-गजपतींबरोबर जिनांचा अधिपती, वन्य पशूंचा राजा वनपती आणि सर्पांचा राजा अहिपती हेही आहेत. वनपतीचा वजीर बिबट्या, आणि अहिपतीचा वजीर तर दुसऱ्या सर्पावर आरूढ झालेला सर्प! आमच्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी जपलेल्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पाने, असे १२० गोल पत्ते असतात. आणि मासा, कासव, वराह व अर्धा सिंह अर्धा मानव अशा क्रमाने जे पहिले चार अवतार येतात, त्यांची चित्रे पाहिल्यावर मुलांच्या हातातील प्राण्यांना परके म्हणण्याचे धाडस निदान मला होत नाही. महाराष्ट्रातील दशावतारांच्या काही चित्रांत नवव्या स्थानी बुद्धाऐवजी विठोबा आढळतो, हे पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या वाचकाला सांगितलेच पाहिजे.

विशेष पत्त्याचा दस्तूरही तेथे आहे. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याने उतारी करायची, आणि सूर्यास्तानंतर मांडला तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. म्हणजे पत्त्याचे सामर्थ्य घड्याळावर अवलंबून! शिवाय निम्म्या रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दहा हे पान श्रेष्ठ व एक कनिष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत नेमके उलट. हुकमाचा रंग नसल्यामुळे, आपले पान केव्हा सर्वश्रेष्ठ ठरते हे आधी गेलेली पाने लक्षात ठेवूनच ताडावे लागते. १२० पाने, दोन उलटसुलट क्रम, आणि सारा हिशेब डोक्यात. सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात वृद्ध चितारी पुंडलिक यांच्याकडून ही कला शिकून घेऊन पुनरुज्जीवित केली नसती, तर ही पाने आज केवळ संग्रहालयांच्या कपाटात दिसली असती. चित्रे वाचली, खेळणारे मात्र फारसे उरले नाहीत, ही खंत आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी ही सारी प्रस्तावना केली, त्याकडे येतो. गंजिफांत श्रीमंतासाठी ‘दरबार कलम’ आणि सामान्यासाठी ‘बाजार कलम’ अशा दोन प्रती होत असत. एक नाजूक चित्रकारीची व महाग, दुसरी ओबडधोबड आणि स्वस्त. परंतु दरबार कलमातील मत्स्यराजा जेवढे हात जिंकी, तेवढेच बाजार कलमातील मत्स्यराजाही जिंकत असे, कारण संच पुरा असे आणि तीन खेळाडूंत प्रत्येकी चाळीस पाने बरोबर वाटली जात. पैशाने चित्राची शोभा विकत मिळे, खेळातले बळ मिळत नसे. नव्या पत्त्यांत ही मर्यादा मोडली आहे. प्रत्येक जण आपला गठ्ठा स्वतः आणतो, आणि त्या गठ्ठ्यातील दुर्मीळ राक्षस मिळवण्याचा रूढ मार्ग म्हणजे बंद पुडी. आत काय आहे हे फोडल्यावाचून कळत नाही, फोडलेली परत घेतली जात नाही, आणि अस्सल पुडी काही शे रुपयांच्या घरात जाते. बाजारात नकली पुड्याही आहेत; त्यांतील पत्त्यांवरचे आकडे असे अवाच्या सवा छापलेले असतात की त्यांनी खेळताच येत नाही. त्या निव्वळ फोडण्यासाठीच विकल्या जातात.

येथे कायद्याची एक जुनी कसोटी उपयोगी पडते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या मामल्यात असा निर्णय दिला, की ज्या खेळात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान ठेवायचे व कोणते टाकायचे याला कौशल्य लागते, तो केवळ नशिबाचा खेळ नव्हे. या कसोटीवर राक्षसांची लढाई निर्विवाद उतरते. पुडी फोडणे मात्र उतरत नाही, कारण तेथे ना स्मरण लागते ना विचार. जपान हे या खेळांचे माहेरघर. पण तेथील ग्राहक-संरक्षण खात्यानेही २०१२ मध्ये, मोबाइलवरील खेळांत सोडतीने मिळणाऱ्या वस्तूंचा संच पुरा करणाऱ्याला दुर्मीळ बक्षीस देण्याची प्रथा, पत्ते जुळवण्यावरील जुन्या बंदीखाली आणून बेकायदा ठरवली.

दुर्मीळतेचे हे वेड कोठवर जाते, त्याचा एकच दाखला पुरे. पोकेमॉनमधील पिकाचूचे चित्र असलेला, चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून दिलेला एक पत्ता अमेरिकेतील लोगन पॉल याने ५२ लाख ७५ हजार डॉलरना घेतला, आणि त्या पत्त्यावर खेळाचा नियमच छापलेला नाही. चित्र उत्तम आहे असे प्रशस्तिपत्र छापले आहे. संग्राहकांनी आपल्या पैशाचे काय करावे हा त्यांचा प्रश्न. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या खाऊच्या पैशांवर हाच न्याय चालवणाऱ्या व्यापाराला ‘करमणूक’ म्हणून सोडून देणे मला मंजूर नाही. पुडीच्या बाहेरूनच मुले तिचा पोत चाचपतात, वजन अजमावतात, दुकानदाराला ‘लकी’ पुडी द्यायला सांगतात. ही भाषा आकड्याच्या अड्ड्यावरची आहे.

तेव्हा पालकांना माझी विनंती अशी, की पुडी बंद करावी, खेळ बंद करू नये. या खेळांच्या कंपन्या आत कोणते पत्ते आहेत हे आधीच ठाऊक असलेले तयार गठ्ठे विकतात. तसे दोन गठ्ठे घरात सामाईक मालकीने ठेवले, आणि प्रत्येक डावानंतर त्यांची अदलाबदल केली, तर गंजिफांचा समन्याय पुन्हा प्रस्थापित होतो. शिक्षकांनी पत्ते जप्त करण्यापूर्वी एकदा त्यांवरचा मजकूर वाचावा. आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या आमच्या शहरातील जुन्या संस्थांनी येत्या उन्हाळ्यात मुलांसाठी एक टेबल राखून, त्यावर असे दोन-चार गठ्ठे आणि शेजारी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा एक पुरा संच ठेवावा. खर्च फार नाही; गंजिफांचे नियम शिकवायला मात्र एखादा जाणता माणूस कोकणातून बोलावून आणावा लागेल, त्याची तजवीज आतापासूनच करावी.