सातव्या पावलाला कोण होतं?

वेळ मिनिटांत छापलेली असते असं आपल्याकडं एकच आमंत्रण, लग्नपत्रिका. बारसं 'सायंकाळी', सत्यनारायण 'पाच ते आठ', आणि लग्न मात्र दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी. जुन्या पत्रिकांत त्यापुढं 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, असंही छापलेलं असायचं आणि ते उगाच नव्हतं. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागं असलेली वेळ पुढं कित्येक वर्षं सोडली नव्हती. त्या घड्याळावर भरवसा ठेवून निघालेला पाहुणा थेट पंगतीलाच पोचला असता.

त्याहून जुनी सोय घटिकापात्राची. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. मोजणी सूर्योदयापासून, त्यामुळं ज्या गावचं लग्न त्या गावचा सूर्य. रत्नागिरी आणि नागपूर यांच्यात नुसत्या रेखांशानं सुमारे २३ मिनिटांचा फरक पडतो, जवळजवळ अख्खी एक वाटी. मिनिटाचा हा आग्रह आपल्यात किती मुरलेला आहे ते यावरून कळावं.

घरात कुणाचं लग्न ठरलं की यादीची वही माझ्याकडं येते. का येते ते मलाही कळलेलं नाही, पण येते. मग त्या ३७व्या मिनिटापासून मी उलटं मोजत येते. नवरी गौरीहरापाशी किती वाजता बसली पाहिजे, त्याआधी तिचे केस कधी संपले पाहिजेत, त्यासाठी पार्लरवाली किती वाजता यायला हवी, आणि तिला आणायला कोणाचा मुलगा जाणार. मामाचा फोन चार्ज आहे ना, हेही मी लिहून ठेवते. ऐन वेळी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असा पुकारा होतो तेव्हा मामा हमखास पार्किंगमध्ये असतात.

एवढं करून वेळ जायची तिथं जातेच. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर चालत पाच मिनिटांचं. नवरदेवाच्या मित्रांना नाचत ते तासभर पुरतं. या गर्दीत घड्याळ बघणारा एकच माणूस असतो, बँडवाल्यांचा म्होरक्या, कारण त्याची पुढची सुपारी ठरलेली असते. म्हणून मी वराकडच्या वडीलधाऱ्यांना काही सांगत नाही, सरळ त्यालाच भेटते.

त्यानंतर माइक. आमच्याकडं पश्चिम महाराष्ट्रात मुहूर्ताची वेळ टळून गेलेली असते, नवरा-नवरी बोहल्यावर उभी असतात आणि निवेदक व्यासपीठावरच्या मान्यवरांना फेटे बांधून घेत असतो. साखर कारखान्याचे संचालक, माजी सभापती, आजी सभापती, शेजारच्या गावचे सरपंच. आमदारसाहेब 'दोन मिनिटांत पोहोचत आहेत'. दाट तिथीला त्यांच्या यादीतही अशी दहा-बारा लग्नं असतात, बिचारे खरंच धावत असतात. पण उन्हात बसलेल्या हजार माणसांच्या वेळेचा हिशेब कुणी मांडत नाही. माझं मत विचाराल तर लग्नातला सगळ्यात महागडा भाड्याचा जिन्नस माइक आहे.

अखेर मंगलाष्टकं सुरू होतात. आठाची चौदा होतात, कारण दोन्हीकडच्या आत्यांनी स्वतः रचलेली असतात आणि एकीची घेतली तर दुसरीची टाळता येत नाही. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री कडाडते. आणि त्याच क्षणी मांडव उठतो. लग्न लागलं! निम्मे जेवणाकडं, उरलेल्यांतले अर्धे स्टेजच्या रांगेत पाकीट हातात घेऊन, काही थेट गाडीकडं, कारण त्यांना आणखी दोन लग्नं गाठायची असतात.

आणि कायद्याच्या दृष्टीनं लग्न अजून लागलेलंच नसतं!

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की, ज्यांच्या विधींत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानंही ठणकावलं की, विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदानं हिंदू विवाह होत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. ज्या क्षणासाठी मिनिटं मोजली तो क्षण अक्षतांचा. ज्यानं दोन माणसं नवरा-बायको होतात तो क्षण होमापाशी, तासाभरानंतर, धुरात. तिथं असतात गुरुजी, दोघांचे आईबाप, एक पेंगुळलेली करवली आणि नवरीचा शालू सारखा करणारी एखादी मावशी. फोटोग्राफर असतो, पण त्याला पाऊल पुन्हा टाकून हवं असतं. चौथं पाऊल तीनदा पडलेलं मी पाहिलंय. कायद्यानं ते कितवं धरायचं कोण जाणे.

वेळ नसतो म्हणावं, तर तेही खरं नाही. कोरोनाच्या साथीत २१ एप्रिल २०२१च्या सरकारी आदेशानं महाराष्ट्रातल्या लग्नांना दोन तास आणि २५ माणसं एवढीच मुभा दिली होती, मोडलं तर ५० हजारांचा दंड. ते दिवस कुणाला परत नकोत. पण त्या दोन तासांत होम बसला, सप्तपदी बसली, जेवणंही बसली. बसले नाहीत ते फेटे.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पुरोहितांनी, त्यात स्त्रियाही आल्या, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावायची पद्धत रुळवली आहे. तशा लग्नात पाहुणे खुर्चीवर बसून राहतात, कारण प्रत्येक पावलाला काय मागितलं जातंय ते त्यांना कळत असतं. अन्नासाठी एक पाऊल, बळासाठी एक, असं करत सातवं सख्यासाठी. ते ऐकून शेजारी बसलेल्या जोडप्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

म्हणून यंदा भाचीच्या लग्नात मी वहीत उलटफेर केला आहे. मोजणी अक्षतांपासून करायची नाही, सातव्या पावलापासून करायची. पत्रिकेत मुहूर्ताखाली एक ओळ जास्त: सप्तपदी दुपारी दीड वाजता, भोजन त्यानंतर. होम हॉलच्या कोपऱ्यात न ठेवता मधोमध, भोवती खुर्च्या. सत्कार रद्द. यावर भावजी दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, निदान चेअरमनसाहेबांचा तरी. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळेल, फेटा मिळणार नाही, यावर मिटलं.

विहीणबाई लगेच तयार झाल्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नातली सप्तपदी त्यांच्या सासूबाईंनीसुद्धा पाहिलेली नाही. त्या तेव्हा मानाच्या पंगतीला बसल्या होत्या. आचाऱ्यानं मात्र वांधा काढला. दीडला माणसं भुकेजलेली असतात, एकदम सातशे पानं बसली तर पुऱ्या गार वाढाव्या लागतील. त्याचं बरोबर होतं. मग ठरलं ते असं: होमाच्या वेळी सगळ्यांच्या हातात पन्हं आणि एक-एक बटाटेवडा, आणि पाचव्या पावलाला माझ्या मुलानं भटारखान्यात जाऊन कढई चढवायला सांगायचं. आचारी म्हणाला, 'ताई, पाचवं कुठलं ते मला कसं कळणार?' त्याला पावलं मोजून दाखवली. आता फोटोग्राफरला एक पाऊल एकदाच पडू द्यायला कसं पटवायचं, तेवढं राहिलंय.