एक खोली भाड्याने न देता

इस्तंबूलहून परत आल्यापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न... 'तिथलं सगळ्यात भारी हॉटेल कोणतं?' आता खरं सांगायचं तर ज्या तीन हॉटेलांबद्दल लिहितोय, तिथे राहण्याची आपली ऐपत नाही. चहा-कॉफीपुरता आत शिरलो, जरा रेंगाळलो, बाहेर पडलो. त्यामुळे गादी किती मऊ आणि नाश्त्याला पदार्थ किती, ते मला विचारू नका. माझी फूटपट्टी वेगळी आहे. हॉटेल ज्या वास्तूत थाटलंय, तिच्या भूतकाळाचं ते काय करतं?

पहिलं पेरा पॅलेस. १८९० च्या दशकात ओरिएंट एक्सप्रेसने येणाऱ्या युरोपीय प्रवाशांसाठी बांधलेलं. जुनी लोखंडी जाळीची लिफ्ट अजून जपलेली आहे. हे जन्मापासून हॉटेलच.

दुसरं चिराआन. बॉस्फरसच्या काठावरचा सुलतान अब्दुलअझीझचा राजवाडा. त्याचा पुतण्या मुराद पाचवा १८७६ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता. धाकट्या भावाने त्याला इथे कोंडलं ते १९०४ मध्ये तो मरेपर्यंत, म्हणजे २८ वर्षं! १९१० मध्ये राजवाडा जळाला आणि नुसत्या भिंती कित्येक दशकं उघड्यावर उभ्या राहिल्या.

तिसरं हाया सोफियाजवळचं फोर सीझन्स. ही पिवळी इमारत म्हणजे सुलतानअहमदचा तुरुंग. कवी नाझिम हिकमत इथे कैदेत होता. १९९६ मध्ये त्याचं हॉटेल झालं आणि कैदी जिथे फेऱ्या मारायचे त्या अंगणात बाग फुलली.

म्हणजे बघा, एकीकडे राजवाड्याचा तुरुंग झाला, दुसरीकडे तुरुंगाचा राजवाडा!

यावर 'पैशासाठी इतिहास विकला' म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. हॉटेलवाले आले नसते तर चिराआनच्या भिंती एव्हाना कोसळल्या असत्या. लांब कशाला, आपल्या मुंबईतलं काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल आठवा. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथे. त्या इमारतीची पुढे काय दशा झाली ते आपण बघतोच आहोत.

तेव्हा हॉटेल करा, दर लावा, काही हरकत नाही. पण माझा पहिला नंबर पेरा पॅलेसला. अतातुर्क जिथे उतरायचा ती १०१ नंबरची खोली १९८१ पासून संग्रहालय म्हणून राखलेली आहे. ती भाड्याने मिळत नाही. भर शहरातल्या महागड्या हॉटेलाने एका खोलीचं उत्पन्न सोडायचं, ही मला खरी श्रीमंती वाटते.

अर्थात राष्ट्रपुरुषाची खोली जपली की हॉटेलचा भाव वाढतोच. कस लागतो तो कैद्याची खोली जपताना. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला कोठडी कोण दाखवणार? तरीही चिराआनमध्ये मुरादसाठी आणि त्या पिवळ्या इमारतीत नाझिमसाठी एकेक खोली अशीच राखलेली असावी, असं फार वाटतं. पाहुण्याची झोप थोडी उडेल, उडू दे. मऊ गाद्या काय, कुठेही मिळतात.

असो. हे आपलं माझं मत. तुमचा पहिला नंबर कोणाला?