वाटाण्याएवढ्या खेकड्याचे नाव

ग्वाल्हेरच्या मुलांना समुद्र भेटतो तो बहुधा भूगोलाच्या पुस्तकात. कोणाचे आजोळ कोकणात असले अथवा मुंबईस नातलग असले, तर सुट्टीत चार दिवस त्याचे दर्शन घडते. एरवी आमच्या नजरेला सवय आहे ती किल्ल्याच्या डोंगराची आणि तिघरा जलाशयाच्या पाण्याची. अशा गावातील शालेय वार्षिकांकात समुद्रातील एका इवल्याशा खेकड्याची हकीकत सांगून तिच्यावरून काही मत मांडावे, हे वाचकांस कदाचित चमत्कारिक वाटेल. परंतु विषय दूरचा असला, तरी त्यातून निघणारा प्रश्न आमच्या वर्गातलाच आहे. म्हणून हे धाडस.

समुद्रकाठी तिसऱ्या, कालवे, शिणाणे असे शिंपल्यात राहणारे अनेक प्राणी सापडतात. त्यांचा शिंपला उघडला असता क्वचित आत एक वाटोळा, मऊ पाठीचा, वाटाण्याएवढा खेकडा आढळतो. याची मादी वाढली म्हणजे त्या परक्या घरातच मुक्काम करते. नर आकाराने तिच्याहून लहान. यजमान पाण्यातून जे अन्नकण गाळून घेतो, त्यातलाच वाटा हे बिऱ्हाडकरू उचलते. प्राचीन ग्रीक लोकांनाही हा प्राणी ठाऊक होता. त्यांची समजूत अशी की, तो शिंपल्याचा पहारेकरी असून संकट आले की धन्याला सावध करतो. ‘पिन्नोथेरिस’ या शास्त्रीय नावात ती समजूत आजही शिल्लक आहे. त्याचा अर्थ पिन्ना नावाच्या शिंपल्याचा राखणदार. ज्याला राखणदार मानले, तो फुकट जेवणारा निघाला; आणि हे कळले ते कोणीतरी नीट पाहिले म्हणून.

अशाच एका खेकड्याला मुंबईत नाव मिळाले. तेथील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. त्याच्याशी संलग्न असलेल्या सागरी जीवशास्त्र केंद्रात बी. एफ. छापगर हे संशोधक काम करीत. तत्कालीन मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरील खेकड्यांचा त्यांनी केलेला अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी शास्त्रजगताला ‘पिन्नोथेरिस विकाजिई’ या नव्या जातीची ओळख करून दिली.

‘नाव दिले’ हे दोन शब्द बोलण्यास सोपे आहेत. बाळाच्या बारशाला आत्याने कानात नाव सांगितले की काम झाले. शास्त्रातले बारसे इतके स्वस्त नाही. प्रथम प्राणी जपून गोळा करावयाचा. तो कोठे, कोणत्या दिवशी, कशाच्या आत सापडला, याची चिठ्ठी त्याच्याबरोबर ठेवावयाची. मद्यार्कात ठेवल्यावर रंग उडून जातो. म्हणून जिवंतपणीचा रंग आधीच टिपून ठेवावयाचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अवयव पाहून त्याची आकृती काढावयाची. तोंडाजवळचे लहान पाय कसे घडले आहेत, चालण्याच्या पायांचे शेवटचे पेर किती लांब आहे, अशा बारकाव्यांवर निर्णय अवलंबून असतो. एवढे झाल्यावर पूर्वसूरींनी केलेली वर्णने धुंडाळून हा प्राणी खरोखरच नवा आहे, याची खात्री पटवावी लागते. लिनीयसच्या ज्या ग्रंथापासून प्राण्यांची शास्त्रीय नावे मोजली जातात, तो १७५८ सालचा. तेव्हापासूनचे लेखन डोळ्यांखालून घालावयाचे, म्हणजे किती धीर हवा!

यापुढची गोष्ट आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग आपल्या आडनावासारखा, प्रजातीचा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. १९९३ साली मॅनिंग या शास्त्रज्ञाने ‘आर्कोथेरिस’ ही नवी प्रजाती स्थापन केली, आणि छापगरांचा खेकडा आता तिच्यात गणला जातो. त्याचे आजचे नाव ‘आर्कोथेरिस विकाजिई (छापगर, १९५७)’ असे लिहितात. प्राणिशास्त्राचा नियम असा की, जातीची प्रजाती पुढे बदलली, तर मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात घालावयाचे. त्या दोन कंसांत किती सभ्यता आहे पाहा! ज्ञान पुढे गेले, हे ते सांगतात. आणि पहिल्याने पाहणाऱ्याचे श्रेयही जपतात. चूक दुरुस्त होण्यात मानहानी नाही, ही शिकवण चुकलेल्या गणितावर शाई सांडणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना फार हवी आहे.

घरोघरी विचारला जाणारा प्रश्न येथेही येणारच: “याचा उपयोग काय? परीक्षेत गुण किती?” आमचे उत्तर हजेरीपटाचे आहे. ज्या मुलाचे नाव पटावर आहे, तो आला नाही तर गुरुजी विचारतात, “आज हा कोठे गेला?” ज्याचे नावच नाही, तो आला काय, न आला काय, कोणाच्या लक्षात येणार? खाडीत भराव पडतो, सांडपाणी मिसळते, आणि काही जीव नाहीसे होतात. त्यांच्यांत जो अनामिक, त्याची गैरहजेरीही लागत नाही. नाव देणे म्हणजे सृष्टीच्या पटावर त्याची नोंद करणे होय.

आता आमच्या वर्गातला प्रश्न. जीवशास्त्राच्या वहीत आम्ही आकृत्या काढतो त्या कोठून? टेबलावर जास्वंदीचे फूल ठेवलेले असते, आणि आमची मान पुस्तकातील चित्राकडे वळलेली असते. फुलाची एक पाकळी फाटलेली असली, तरी वहीतले फूल अखंड! सुबकपणाला गुण मिळतात. डोळ्यांनी पाहिलेले मात्र कागदावर उतरत नाही. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणाच्या माथी मारीत नाही. आमच्याच वह्या साक्षीला आहेत. पुस्तकातून उतरवणाऱ्याच्या हातून नवी जात कधीही सापडणार नाही, कारण जे पुस्तकात नाही ते त्याला दिसतच नाही.

समुद्र दूर आहे, ही सबबही चालणार नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत कोळंबीचा दूरचा नातलग असा एक इवलासा जीव राहतो. २०१४ साली रॉजर्स आणि पाध्ये या संशोधकांनी त्याचे वर्णन करून त्याला ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ हे नाव दिले. डबके चार महिन्यांचे, पण शास्त्रात कायमची भर घालून गेले. पावसाची डबकी ग्वाल्हेरातही साचतात.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वर्गाने एक नोंदवही ठेवावी. तिच्यात तारीख, ठिकाण, पाहिलेल्या जीवाची स्वतः काढलेली आकृती आणि स्वतःच्या शब्दांतील चार ओळी असाव्यात. आकृती वाकडी आली तरी चालेल. पाहिल्यावाचून काढलेली मात्र नसावी. तीत नवी जात सापडेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. पाहण्याची सवय जडेल, एवढे मात्र खात्रीने सांगतो.