सहलीत संग्रहालय 'उरकायचं' की पाहायचं?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. एसटीचं बुकिंग, संमतीपत्रं, परवानगीचा प्रस्ताव आणि 'कुठं न्यायचं?' हा वाद. घनसावंगीत यंदाही तो झाला. मी संग्रहालयाचं नाव काढताच एका पालकांनी तोंडावर विचारलं, "गुरुजी, पैसे भरून जुनी भांडी दाखवायची का लेकरांना? त्यापेक्षा वॉटर पार्कला न्या की!" मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्याला आपण शिक्षकच जबाबदार आहोत.

काही वर्षांपूर्वी मी चाळीस मुलं घेऊन एका मोठ्या शहरातलं संग्रहालय पाहायला गेलो होतो. रांग करा, हात लावू नका, बोलू नका, पुढं चला. पाऊण तासात सगळी दालनं उरकली. परत आल्यावर निबंध लिहायला दिला, तर बहुतेकांनी गेटजवळच्या कुल्फीवाल्यावर लिहिलं! चूक माझी होती. मी त्यांना काही पाहूच दिलं नव्हतं.

अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांत मुलांना एकाच चित्रासमोर बसवून बोलतं करण्याची एक पद्धत रुजली आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन आणि अभ्यासक अ‍ॅबिगेल हाउसन यांनी तिला आकार दिला. मुख्य प्रश्न तीनच. इथं काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं? यातला 'कशावरून' आपण प्रश्नपत्रिकेत नेहमी विचारतो, पण वस्तूसमोर उभं करून कधी विचारत नाही. या पद्धतीला पैसा लागत नाही, फक्त शिक्षकाला थोडा वेळ गप्प बसावं लागतं. (तेच आपल्याला सगळ्यात अवघड!)

आपल्याकडेही चांगली उदाहरणं आहेत. 1922 साली लोकांसाठी खुलं झालेलं मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 2015 पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांच्या दारी नेतं. आणि 'जुनी भांडी' म्हणाल, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपं, दरवाजे, वाद्यं अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. तिथल्या कितीतरी वस्तू आमच्या मुलांच्या आज्यांनी रोज हाताळलेल्या आहेत. म्हणून तर अशा ठिकाणी आमची मुलं शहरातल्या मुलांपेक्षा जास्त बोलू शकतात, असं माझं मत आहे.

हे पटवायला या वर्षी सहलीआधी वर्गातच प्रदर्शन मांडलं. घरची एक जुनी वस्तू आणायची, तिच्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं आणि चार ओळींची पाटी लिहायची. कंदील आला, रवी आली, तिफणीचं चाडं आलं. वॉटर पार्कवाल्या पालकांच्या मुलीनं पोचा पडलेली पितळी पायली आणली. मुलांनी शेरानं ज्वारी मोजून तिच्यात ओतली. चार शेर भरले. मग कुणीतरी विचारलं, "हा पोचा कशानं पडला?" मुलीला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः आले आणि दुष्काळातल्या धान्यवाटपाची, आजोबांच्या भांडणाची गोष्ट पाऊण तास सांगत बसले. गणिताचा तास बुडाला, पण बुडू द्या.

सहल पैठणला ठरली आहे. आपल्याच गोदावरीच्या काठावर, आपल्यापेक्षा वरच्या अंगाला. धरण आणि नाथांचं मंदिर तर आपण दरवर्षी पाहतो. पण बाळासाहेब पाटील यांनी जमवलेल्या सातवाहनकालीन वस्तूंचं शासकीय संग्रहालयही तिथंच आहे, हे आमच्या बऱ्याच मुलांना ठाऊक नव्हतं. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येक गटाला फक्त एक वस्तू, वीस मिनिटं. पाट्या उतरवून घ्यायच्या नाहीत, वस्तूचं चित्र काढायचं. त्यासाठी येत्या रविवारी मी एकटाच आधी जाऊन वस्तू निवडून येणार आहे. पायलीवाले पालकही सोबत येतो म्हणालेत.